जाणीव म्हणजे नुसता मेंदूच का? हा प्रश्न स्वतः कसा तपासावा

मी मिरज-सांगलीकडच्या रुग्णालयांत भूल देते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाला भेटायला जाते. कवळी आहे का, दमा आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारून झालं की पुष्कळदा पलंगावरून उलट प्रश्न येतो, "मॅडम, भुलंत मी कुठं असतोय?" ऊसतोडीच्या मुकादमानं मला हे विचारलं आहे आणि गणित शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनंही. शब्द वेगळे, पण विचारायचं तेच असतं. दुखणं, लाल रंग, आईच्या पदराचा वास हे जे मला आतून जाणवतं, ते मेंदूतल्या पेशींच्या कामापलीकडं आणखी काही आहे का?

या प्रश्नावर लोक पटकन दोन बाजूंना उभे राहतात, आणि दोन्ही बाजू आपापला पुरावा चुकीच्या जागी वापरतात. म्हणून इथं मी तपासायची रीत सांगते. त्यासाठी एक वही, पेन, पुठ्ठ्याच्या दोन नळ्या आणि घरात तासभर शांतता एवढं लागेल. वाचून झाल्यावर, कुठली गोष्ट सिद्ध आहे, कुठली नाही आणि आपण नेमकं कशावर विश्वास ठेवतो, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे.

आधी प्रश्नाचे तुकडे करा

वहीची तीन पानं घ्या. पहिल्या पानावर लिहा: मेंदूत बदल झाला की अनुभव बदलतो का? दुसऱ्यावर: मेंदू काम करत नसताना अनुभव असू शकतो का? तिसऱ्यावर: मेंदूचं काम म्हणजेच अनुभव, की त्या कामाबरोबर येणारी ती वेगळी गोष्ट आहे?

हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तरी घराघरांतल्या वादांत त्यांची सरमिसळ होते. काका म्हणतात, दारू पोटात गेली की माणूस बदलतो, म्हणजे सगळं मेंदूचंच काम. हा पहिल्या पानावरचा पुरावा आहे, पण काका त्यातून तिसऱ्या पानाचं उत्तर काढतात. मावशी म्हणतात, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही जाणीव उलगडलेली नाही, म्हणजे देहापलीकडं काहीतरी आहेच. ही अडचण तिसऱ्या पानावरची आहे आणि मावशी तिच्या जोरावर दुसऱ्या पानावर "हो" लिहून मोकळ्या होतात. दोघंही मनापासून बोलतात, पण दोघांचीही उडी मोठी आहे.

यापुढं जी जी गोष्ट वाचाल, ऐकाल किंवा करून पाहाल, ती लिहिण्याआधी कुठल्या पानावर जाते ते ठरवा. ही सवय लागली की अर्धं काम झालं.

डोळ्यांपासून सुरुवात करा

कोऱ्या कागदावर डावीकडं अधिकचं चिन्ह काढा आणि त्याच्या उजवीकडं आठ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं अधिकच्या चिन्हाकडंच बघत राहा आणि कागद हळूहळू पुढं-मागं करा. साधारण तीस सेंटिमीटर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात एदम मारियोत या फ्रेंच अभ्यासकानं ही जागा दाखवून दिली. आता हाच प्रयोग रेघांच्या वहीत करा. ठिपका जाईल, पण त्याच्या जागी भोक दिसणार नाही. तिथं रेघा सलग दिसतील. डोळ्यानं न पाठवलेली गोष्ट तुम्हाला दिसते आहे.

दुसरा प्रयोग याहून मोलाचा आहे. एका कार्डावर जाड उभ्या रेघा काढा, दुसऱ्यावर आडव्या. दोन्ही डोळ्यांना एकेक नळी लावा आणि एका नळीतून फक्त उभ्या, दुसरीतून फक्त आडव्या रेघा दिसतील अशी कार्डं ठेवा. सुरुवातीला जुळायला वेळ लागतो, घाई करू नका. जुळलं की उभ्या-आडव्या मिळून चौकटी दिसतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात थोडा वेळ उभ्या दिसतात, मग त्या विरघळतात आणि आडव्या येतात, काही सेकंदांनी परत उभ्या. मधूनच तुकड्यातुकड्यांत दोन्ही दिसतात. तुम्ही ठरवून एकीला फार वेळ धरून ठेवू शकत नाही.

कार्डं जागच्या जागी आहेत, डोळ्यांवर पडणारा प्रकाशही तोच आहे, तरी अनुभव मात्र बदलतो आहे. म्हणूनच जाणिवेचा शोध घेणाऱ्यांना हा प्रयोग इतका आवडतो. मेंदूशास्त्रज्ञ निकोस लोगोथेटिस यांनी 1989 पासून माकडांवर हेच केलं. दृष्टीच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या पेशींपैकी थोड्याच माकडाच्या अनुभवाबरोबर बदलत होत्या. पुढच्या टप्प्यांवर मात्र बहुतेक पेशी, माकड जे "दिसतंय" असं दाखवायचं त्याच्याबरोबर बदलत होत्या.

हे पहिल्या पानावर ठळक लिहा. तिसऱ्या पानावर यातलं काहीच लिहू नका. दोन गोष्टी बरोबरीनं बदलतात एवढ्यावरून त्या एकच आहेत हेही ठरत नाही आणि वेगळ्या आहेत हेही ठरत नाही.

मॉन्ट्रियलचे मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांचं उदाहरण इथं लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळं डोक्याची त्वचा बधिर करून रुग्ण जागा असताना मेंदूवर काम करता येतं. आजही अशी ऑपरेशनं होतात आणि भूल देणारी व्यक्ती रुग्णाशी बोलत उशाशी बसते. पेनफील्ड विजेचा बारीक स्पर्श करायचे; कुणाला गाणं ऐकू यायचं, कुणाला जुना प्रसंग दिसायचा. हात हलवणाऱ्या भागाला स्पर्श केला की हात हलायचा, पण रुग्ण म्हणायचा, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. इतकी वर्षं मेंदूला हात लावणारा हा माणूस उतारवयात, मन मेंदूहून वेगळं असावं, अशा मताकडं झुकला. त्यांच्याच नोंदी वाचून दुसरे अभ्यासक नेमके उलट मत मांडतात. पहिल्या पानावर कितीही भर घातली तरी तिसरं पान आपोआप भरत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

भुलेकडून काय शिकता येतं

16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर दिलं आणि लोकांसमोर शस्त्रक्रिया वेदनेवाचून झाली. तेव्हापासून जाणीव घालवायची आणि परत आणायची, हे काम रोज जगभर चालू आहे. हल्ली सुरुवातीला बहुधा प्रोपोफॉल देतात, दुधाळ पांढरं असतं. हातात जरा झोंबतं, मी रुग्णाला घरच्यांविषयी काहीतरी विचारते, आणि साधारण अर्ध्या मिनिटात वाक्य मध्येच तुटतं. हे औषध मेंदूतल्या गाबा या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, काम करून पेशींची कुजबुज मंदावतं. औषधाचा जोर ओसरला की माणूस परत येतो.

पहिल्या पानाला यापेक्षा मोठा पुरावा क्वचितच मिळेल. पण भुलेचा खरा उपयोग वेगळाच आहे. ज्याला आपण ढोबळपणे "शुद्ध" म्हणतो, त्यात निदान तीन गोष्टी असतात आणि त्या एकमेकींपासून सुटू शकतात, हे भुलेत उघड दिसतं. प्रतिसाद, आठवण आणि अनुभव.

मिडॅझोलम नावाचं औषध थोड्या मात्रेत दिलं तर रुग्ण डोळे उघडतो, कूस बदला म्हटलं की बदलतो, मला नातवाचं नाव सांगतो. संध्याकाळी त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. त्या वेळी तो अनुभवत होता का? माझ्याशी बोलत असताना त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. म्हणजे आठवण नाही याचा अर्थ अनुभव नव्हता असा होत नाही.

केटामाइनचं उलटं आहे. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग करताना लहान रुग्णालयांत ते अजून खूप वापरतात. डोळे उघडे राहतात, श्वास चालू, पण हाक मारली तर उत्तर नाही, आणि त्वचेला चिमटा काढला तरी तक्रार नाही. उठल्यावर मात्र कुणी सांगतं, मी छताला लागून तरंगत होतो, कुणी सांगतं, लांबलचक बोगद्यातून चालले होते. बाहेरून प्रतिसाद नव्हता आणि आत मोठा अनुभव चालू होता. कपाळावर पट्टी लावून भुलेची खोली शून्य ते शंभर अशा आकड्यात दाखवणारं एक यंत्र असतं. शस्त्रक्रियेसाठी तो आकडा 40 ते 60 मध्ये ठेवतात. केटामाइन दिलं की तो हवा तसा उतरत नाही, उलट चढूही शकतो. म्हणून आकडा बघून "आत कुणी नाही" असं मी कधीच धरत नाही.

तिसरी गोष्ट ऐकल्यावर बरेच जण अस्वस्थ होतात, पण ती सांगितलीच पाहिजे. स्नायू सैल करणारं औषध दिलं की माणूस जागा असला तरी बोट हलवू शकत नाही. म्हणून 1977 मध्ये भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांनी एक युक्ती मांडली. ते औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाब मोजण्यासारखा पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग भुलेतल्या माणसाला म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जण दाबतात. 2017 मध्ये छापून आलेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या एका अभ्यासात 260 रुग्णांपैकी 4.6 टक्क्यांनी श्वासनळीत नळी घातल्यानंतर असा प्रतिसाद दिला. असे हात दाबणाऱ्या बहुतेकांना नंतर त्याची आठवण नसते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 2014 च्या मोठ्या पाहणीत, भुलेत जाग आल्याची तक्रार रुग्णांनी आपणहून साधारण 19,000 मध्ये एकदा केली होती. ठरावीक प्रश्न मुद्दाम विचारले की काही अभ्यासांत हे प्रमाण हजारात एक-दोन इतकं निघतं. आणि हात दाबायला सांगितला की आणखी जास्त. कसं विचारलं यावर आकडा ठरतो, कारण प्रत्येक पद्धत वेगळीच गोष्ट मोजते आहे.

(शस्त्रक्रिया ठरलेल्या वाचकानं घाबरून जाऊ नये. पूर्वी कधी भुलेत जाग आली असेल तर ती भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावी, एवढंच. आणि मी माझ्यापुरतं ठरवलं आहे: टेबलावर रुग्ण कितीही गाढ असला तरी त्याच्याविषयी वावगं बोलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं तर नावानं.)

तेव्हा दुसऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवा: यात काय मोजलं, प्रतिसाद, आठवण की अनुभव? "बेशुद्ध असताना", "मेंदू बंद असताना", "काहीच कळत नव्हतं" असं ज्या ज्या हकिकतीत येईल, तिथं हा प्रश्न लावा.

आपल्याकडच्या दर्शनांनी हा वाद आधीच घातला आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, सुखानं झोपलो, काहीच कळलं नाही. अद्वैत वेदान्ती म्हणतात, "काहीच कळलं नाही" ही आठवण आहे, आणि आठवण असेल तर तेव्हा बघणारं कुणीतरी होतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणतात, ही आठवण नव्हे, अनुमान आहे; अंग हलकं वाटतं, वेळ गेलेला दिसतो, त्यावरून तुम्ही ठरवता. तुम्हीही हे तपासू शकता. आठवडाभर, घड्याळ बघण्याआधी आणि खिडकी उघडण्याआधी, किती वेळ गेला असं वाटतं ते उशाशी लिहा. भुलेतून उठणारे रुग्ण तर वारंवार विचारतात, "अजून सुरू केलं नाही का?" तीन तास झालेले असतात. झोपेनंतर असं सहसा होत नाही. हा फरक वेदान्त्यांच्या बाजूनं मोजायचा की नैयायिकांच्या, यावर मी अनेक वर्षं विचार करते आहे आणि मला नैयायिकांचं म्हणणं थोडं अधिक पटतं.

"मेंदू" म्हणताना कुठला मेंदू ते विचारा

माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या जवळजवळ 69 अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत. तो लहान मेंदू गेला तर तोल जातो, बोलणं अडखळतं, पण माणूस जागा असतो, बघतो, दुखलं तर विव्हळतो. म्हणजे मेंदूच्या प्रत्येक कामातून अनुभव येतोच असं नाही. "सगळं मेंदूचंच काम आहे" म्हणणाऱ्याला हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: कुठलं काम?

आणि शरीर गप्प असलं तरी ते काम दिसू शकतं. 2006 मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका मुलीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलं, तुझ्या घरात खोल्याखोल्यांतून फीर. निरोगी माणसांचे जे भाग अशा वेळी जागे होतात, तेच तिचे झाले. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलताना मला या अभ्यासाची आठवण होते, आणि "त्याला काही कळत नाही" हे वाक्य मी फार जपून वापरते.

मेंदूबाहेरच्या हकिकती अशा तपासा

मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांच्या हकिकती उडवून लावू नका. सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते घडलेलं असतं. पण चार गोष्टी विचारा. अनुभव नेमका केव्हा आला, हृदय बंद असताना की ते परत सुरू होत असताना? हे कशावरून ठरवलं? हकिकत कधी लिहिली गेली? आणि त्या जागी पडून, डोळे मिटून, कान उघडे ठेवून जे कळू शकतं, त्यापलीकडचं त्यात काय आहे?

डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटानं अशी तपासणी करायचा प्रयत्न केला. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या 15 रुग्णालयांत त्यांनी छताजवळ फळ्या लावल्या, वर चित्रं ठेवली. वरून बघणाऱ्यालाच ती दिसावीत अशी. 2014 मध्ये निष्कर्ष आले. हृदय थांबल्याच्या 2,060 घटनांमधून 140 वाचलेल्यांच्या मुलाखती झाल्या. एका रुग्णानं भोवतालच्या घटनांचं वर्णन केलं आणि ते जुळलं. पण त्याचं हृदय थांबलं त्या खोलीत फळी नव्हती, आणि फळीवरचं चित्र कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या पानावर हे जसंच्या तसं लिहा, कमी नाही, जास्त नाही. केटामाइननंतरचा बोगदाही त्याच पानावर शेजारी लिहून ठेवा.

याच पानावर आणखी एक युक्तिवाद येईल: मेंदू टीव्हीसारखा आहे, कार्यक्रम दुसरीकडून येतो, संच बिघडला म्हणून कार्यक्रम संपत नाही. विल्यम जेम्स यांनी 1898 च्या सुमारास याच धर्तीची मांडणी गंभीरपणे केली होती, त्यामुळं तिला मान देऊनच तपासू. संच बिघडला तर चित्र धूसर होईल, आवाज खरखरेल. पण मालिकेतल्या पात्राचा स्वभाव बदलणार नाही. मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झाली तर मात्र नेमकं तेच बदलतं. ओळखीचे चेहरे ओळखू येईनासे होतात. क्वचित एखाद्याला बायको हुबेहूब दिसते, पण ही ती नव्हेच, कुणी तोतया आहे, असं ठामपणे वाटतं. शांत माणूस संतापी होतो. म्हणजे येणारा "कार्यक्रम"च संचात तयार होतो असं मानावं लागतं, किंवा बाहेरून येणाऱ्या गोष्टीत आठवण, स्वभाव, ओळख यातलं काहीच नसतं असं तरी मानावं लागतं.

तिसऱ्या पानाशी थांबून राहा

क्नुट नॉर्डबी हे नॉर्वेचे दृष्टिशास्त्रज्ञ. जन्मतः त्यांना रंग दिसत नव्हते, एकही नाही. प्रकाशाच्या लहरी, डोळ्यातले रंगकण, मेंदूतली रंगांची यंत्रणा हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. कुठल्या लहरीला लोक "लाल" म्हणतात हे ते सांगू शकत. लाल दिसतो कसा, हे मात्र त्या माहितीतून त्यांना कधीच मिळालं नाही. तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी 1982 मध्ये असाच एक काल्पनिक प्रसंग मांडला होता: काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढलेली, रंगांविषयी सगळं जाणणारी एक शास्त्रज्ञ बाहेर येऊन पहिल्यांदा लाल रंग बघते. तिला काही नवं कळलं का? कळलं असेल, तर शास्त्राच्या "सगळं"मध्ये काहीतरी राहिलं होतं.

हे वाचून बहुतेकांना वाटतं, झालं, सिद्ध झालं. इथं थांबा आणि उलट बाजूचं म्हणणं तितक्याच ताकदीनं लिहा. ती नवी वस्तुस्थिती शिकली नाही, जुनीच वस्तुस्थिती नव्या वाटेनं तिच्यापर्यंत पोचली. किंवा तिला ओळखण्याची, आठवण्याची नवी क्षमता आली. जॅक्सन यांनीही पुढं आपला निष्कर्ष सोडून दिला. दुसरं, वीज म्हणजे विद्युतभारांचं वहन हे माणसाला हजारो वर्षं माहीत नव्हतं, तरी लखलखणारी वीज आणि ते वहन या दोन वस्तू नव्हत्या. 1956 मध्ये तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस यांनी जाणिवेविषयी हेच म्हटलं: आपल्याला दोन वाटतात, आहे एकच.

मग पुन्हा पहिल्या बाजूला या. विजेचं कसं दिसणं आणि काय असणं यात फरक करता येतो. दिसणं आपल्याकडं, असणं तिकडं ढगात. पण दाढदुखीत दुखल्यासारखं वाटणं आणि दुखणं यात फरक कसा करायचा? वाटतं तेच दुखणं. म्हणून विजेचं उदाहरण इथं पुरतं लागू पडत नाही, असं तत्त्वज्ञ सॉल क्रिपकी म्हणत. मला हा आक्षेप अजून उभा दिसतो.

या टप्प्यावर सांख्यांची एक गोष्ट फार कामाची आहे. बुद्धी, अहंकार, मन हे सगळं त्यांनी प्रकृतीत, म्हणजे जड सृष्टीत, टाकलं. आठवणं, ठरवणं, "मी" म्हणणं, सगळं जडाचं. पुरुषाकडं, म्हणजे त्यांच्या मते जडाहून वेगळ्या साक्षी चैतन्याकडं, उरलं फक्त बघणं. म्हणजे आज स्मृती कशी बनते, निर्णय कसा होतो हे मेंदूशास्त्र उलगडून दाखवतं तेव्हा सांख्यांचं काहीच बिघडत नाही. त्यांनी ते आधीच देऊन टाकलं होतं. तुम्हीही वहीत ही यादी करा: मनाच्या कामांपैकी काय काय मेंदूला देऊन टाकता येतं? लक्ष देणं, तुलना, बोलणं, स्वप्नातली गोष्ट रचणं. देत जा. शेवटी जे उरतं, म्हणजे हे सगळं कुणालातरी जाणवतं आहे एवढंच, तोच खरा वादाचा मुद्दा. बाकीच्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका.

पण सांख्यांनाही प्रश्न विचारा. पुरुष काहीच करत नसेल, तर आत्ता माझी जीभ त्याच्याविषयी बोलते ती कुणाच्या सांगण्यावरून? बोलणं तर प्रकृतीचं. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी 1643 मध्ये देकार्त यांना पत्रातून याच्याच जवळचं विचारलं होतं: आत्म्याला आकारमान नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्त यांची उत्तरं वाचून त्यांचं समाधान झालं नाही, माझंही होत नाही. चार्वाकांना तर पहिल्यापासून विचारायला हवं. किण्व (आंबवण) मिसळलं की धान्यात नसलेली मादकता उपजते, तशी पृथ्वी, पाणी, तेज, वायू या महाभूतांमधून जाणीव उपजते, असं ते म्हणत. मादकता कशी येते ते आज रसायनशास्त्र पायरीपायरीनं सांगू शकतं. जाणिवेच्या बाबतीत ती पायरी अजून कुणी दाखवलेली नाही. उपजते म्हणणं आणि कशी उपजते ते दाखवणं यात अंतर आहे.

हे अंतर शास्त्रज्ञही मान्य करतात. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेमागची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनची पेटी दिली. लक्षात घ्या, ही पैज खुणेविषयी होती, म्हणजे पहिल्या पानाचीच. तेही पान अजून पूर्ण नाही.

आता स्वतःचं मत लिहा

प्रत्येक पानाच्या तळाशी एक वाक्य आपल्या मताचं आणि एक वाक्य, काय दिसलं तर हे मत बदलेन, याचं. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर ते मत नाही, श्रद्धा आहे. श्रद्धा असायला हरकत नाही, पण तिला त्याच नावानं लिहा. तारीख घाला.

माझ्या वहीत आज असं आहे. पहिलं पान: मेंदू बदलला की अनुभव बदलतो, अगदी बारीकसारीक बदलतो; याविषयी मला शंका उरलेली नाही, आणि माझं मत बदलायला रोज दिसणारं सगळंच खोटं ठरावं लागेल. दुसरं पान: मेंदूवाचून अनुभव असल्याचा भक्कम पुरावा मला मिळालेला नाही, पाच-सहा वेगळ्या रुग्णालयांत, आधी सीलबंद ठेवलेली फळीवरची चित्रं, वेळेच्या नोंदीसह, एकाहून जास्त रुग्णांनी बरोबर सांगितली तर मी हे खोडेन. तिसरं पान: शरीराबाहेरची दुसरी वस्तू असावी असं मला वाटत नाही, पण पेशी, ग्राही आणि लहरी यांच्या आजच्या वर्णनात दुखणं मावत नाही असंही मला ठाम वाटतं, ते वर्णन अपुरं आहे. एखाद्यानं नुसत्या मेंदूच्या मोजणीवरून, त्या माणसाला न विचारता, त्याला कधी न आलेला अनुभव कसा वाटेल ते आधी सांगितलं, आणि काहीच न जाणवता तेच काम का होऊ शकलं नसतं हेही दाखवलं, तर हे पानही मी नव्यानं लिहीन.